अकरा मुद्द्यांची गिटार

एका गिटारसाठी कोणी सीलबंद पाकिटात कोटेशन मागवतं, हे बाजारातल्या तिन्ही वाद्यवाल्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. पहिल्याने विचारलं, किती नग पाहिजेत. भाऊसाहेबांनी सांगितलं, एक. शाळेसाठी का? नाही, घरासाठी. त्यावर दुकानदाराने भाऊसाहेबांच्या खांद्यावरून मागे डोकावून पाहिलं, कोणी लपूनछपून चित्रीकरण तर करत नाही ना म्हणून. भाऊसाहेबांनी शांतपणे पिशवीतून एक टाइप केलेला कागद काढून काउंटरवर ठेवला. वर मथळा होता, 'बोटांनी वाजवण्याच्या अकूस्टिक गिटारचे तपशीलपत्रक'. त्याखाली अकरा मुद्दे होते आणि तळाशी एक ओळ होती, 'वरीलपैकी एकही मुद्दा अपूर्ण असल्यास दर विचारात घेतला जाणार नाही.'

भाऊसाहेब एका सरकारी कचेरीच्या खरेदी विभागात गेली एकतीस वर्षं आहेत. खुर्च्या, पंखे, गोंद, टाचण्या, पायपुसणी, जे काही त्या कचेरीत येतं ते त्यांच्या नजरेखालून येतं. एकदा चारशे खुर्च्यांचा ट्रक त्यांनी दारातून परत पाठवला होता, कारण मोजायला घेतलेल्या पहिल्याच खुर्चीचा एक पाय पाऊण सेंटिमीटर आखूड निघाला. त्यानंतर सहा महिने कचेरी उभ्याने चालली, पण नियम म्हणजे नियम. घरीही तोच खाक्या. लेकीच्या जन्माच्या वेळी त्यांनी पाळण्यासाठी तीन कोटेशनं मागवली, तुलनातक्ता केला, नमुना पाहिला, आणि पाळणा घरी आला तेव्हा दार उघडायला लेक स्वतः चालत गेली होती.

ती लेक आता नोकरीच्या गावी असते. घरात भाऊसाहेब आणि त्यांची बायको, दोघंच. बायकोला सगळी इमारत वहिनी म्हणते, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. वहिनी घरी शिवणकाम करायची. करायची म्हणजे तीन महिन्यांपूर्वीपर्यंत करायची. पडदे काढायला स्टुलावर चढली, स्टूल कललं आणि तिचा डावा हात मनगटाशी मोडला. वहिनी डावखुरी. कापणं, टाचणं, खडूने आखणं, लिहिणं, रागावून बोट नाचवणं, सगळं डाव्या हाताने. प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं, हाड सुरेख जुळलं, पण बोटं आखडली. त्यातही अनामिका तर फितूरच झाली. बाकीची बोटं वाकली की तीही वाकायची, एकटीला हाक मारली की ढिम्म.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. पहिल्या तीन-चार महिन्यांत बोटं सुटी झाली तर झाली, नंतर अवघड आहे. त्यांनी एक रबरी चेंडू दिला आणि तो दिवसातून शंभर वेळा दाबायला सांगितला. वहिनीने पहिल्या दिवशी शंभर वेळा दाबला, दुसऱ्या दिवशी चाळीस वेळा, आणि तिसऱ्या दिवशी तो कपाटाखाली गेला तो गेलाच. चेंडू दाबताना आपण म्हातारे झाल्यासारखं वाटतं, असं ती म्हणाली. गिऱ्हाइकांचे कपडे तिने गाठोडी बांधून परत पाठवले. मशीनवर चादर घातली. भेटायला येणारा जो तो तिच्या हाताकडे बघत बसायचा आणि जाताना सांगून जायचा, आता उजव्या हाताची सवय करून घ्या. ती हो म्हणायची. हळूहळू ती सगळ्यालाच हो म्हणायला लागली, आणि भाऊसाहेबांना तीच भीती होती. अठ्ठावीस वर्षांत ही बाई त्यांना एकदाही पहिल्या झटक्यात हो म्हणाली नव्हती.

दुसऱ्या भेटीत डॉक्टरबाई म्हणाल्या, चेंडू नको तर नको, दुसरं काही करा, पण एकेक बोट वेगळं हललं पाहिजे. टायपिंग करा, विणकाम करा, गिटारच्या तारा छेडा, आवडेल ते. जिना उतरताना वहिनी सहज बोलून गेली, "गिटार वाजवता आली असती तर बरं झालं असतं. लहानपणी फार वाटायचं." एवढंच. पुढच्या पायरीवर तिने दुसरा विषय काढला. पण खरेदी विभागातल्या माणसाच्या कानावर मागणी पडली, की ती पडली.

दुसऱ्या दिवसापासून भाऊसाहेब जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर गिटारचे व्हिडिओ बघू लागले. कचेरीत आवाज करणं शिस्तीला धरून नाही, म्हणून आवाज बंद करून. तीन आठवडे त्यांनी जगातल्या नामांकित वादकांची बोटं अशी मुक्याने पाहिली. त्या जोरावर ते गिटारचे जाणकार झाले, म्हणजे गिटार ऐकू कशी येते एवढं सोडलं तर बाकी सगळं त्यांना कळू लागलं. बोटांनी वाजवायची तर तारांमध्ये अंतर जरा जास्त पाहिजे, म्हणून मानेच्या टोकाची खाचांची पट्टी चव्वेचाळीस मिलिमीटर. तारा पट्ट्यांपासून फार उंच नकोत, नाही तर बोटं दुखतात. पोट मध्यम, मांडीवर मावणारं. पुढची फळी सलग लाकडाची, प्लायची नाही. तारा बारीक. खुंट्या सैल नकोत. आणि किंमत मध्यमवर्गाला घाम फुटणार नाही इतपत. असे अकरा मुद्दे झाले. त्यांनी मसुदा तीनदा तपासला. चौथ्यांदा तपासताना नवव्या मुद्द्यात एक स्वल्पविराम जास्त सापडला, तो काढला.

हे सगळं गुप्त होतं, म्हणजे इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. वरच्या मजल्यावरचे मास्तर शाळेच्या बँडमध्ये बावीस वर्षं बिगुल वाजवायला शिकवत होते, त्यामुळे इमारतीतल्या संगीताचा शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी सांगितलं, गिटार टरबुजासारखी ठोकून घ्यायची. बद्द वाजली तर ठेवून द्यायची. शिवाय वजनदार घ्यायची, हलक्या वाद्याला नाद नसतो. भाऊसाहेबांनी विचारलं, हे गिटारला लागू आहे का. मास्तर म्हणाले, "बिगुलाला लागू आहे." खालच्या मजल्यावरच्या मावशींनी सावध केलं, की त्यांच्या भाच्याने गिटार घेतली आणि केस वाढवले, तेव्हा जपून. भाऊसाहेबांनी नकळत टकलावरून हात फिरवला.

मग परवानगीचा प्रश्न आला. इमारतीच्या सेक्रेटरींचं म्हणणं, नवं वाद्य घरात आणायचं तर अर्ज हवा. अर्जाचा छापील नमुना मात्र फक्त पाळीव प्राण्यांचा होता. भाऊसाहेबांना नमुन्याविना अर्ज करणं जिवावर आलं आणि सेक्रेटरींना नमुन्याविना घेणं. तेव्हा दोघांनी मिळून प्राण्यांचाच नमुना भरला. प्रकार : गिटार. वय : नवीन. लसीकरण : लागू नाही. रात्री ओरडतो का : मालक झोपल्यावर नाही. चावल्यास जबाबदारी मालकाची, या ओळीखाली भाऊसाहेबांनी सही केली आणि पोचही घेतली.

एवढं झाल्यावर ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून बाजारात गेले होते. पहिल्या दुकानदाराची गंमत आपण पाहिलीच. दुसरा म्हणाला, आधी वाजवून बघा, मग बोलू. भाऊसाहेबांना वाजवता येत नव्हतं, म्हणून त्यांनी गिटार मोजली. स्वतःच्या पैशांनी घेतलेलं प्लास्टिकचं मापक लावून खाच मोजली, तारेची उंची मोजली, पोटाचा घेर शिंपी घेतो तसा टेपने घेतला. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं बाजूला सरकून उभी राहिली. त्यांना वाटलं, गिटारला अंगरखा शिवायचा असेल.

तिसरं दुकान एका बाईंचं होतं. पांढरे केस, नाकावर चष्मा, आणि उजव्या हाताची नखं जरा वाढवलेली, म्हणजे स्वतः वाजवणाऱ्या. त्यांनी अकरा मुद्दे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, एकदाही हसल्या नाहीत, आणि म्हणाल्या की कागद उत्तम आहे. भाऊसाहेबांना गहिवरून आलं. एकतीस वर्षांत त्यांच्या तपशीलपत्रकाला कोणी उत्तम म्हटलं नव्हतं.

मग बाईंनी विचारलं, "वाजवणार कोण आहे?"

प्रश्न साधा होता. एखाद्या साध्या माणसाने साधं उत्तर दिलं असतं आणि ही गोष्ट इथेच संपली असती. पण भाऊसाहेबांच्या खात्यात एक पक्का संकेत आहे. वस्तू कोण वापरणार, हे विक्रेत्याला कधी सांगायचं नाही. सांगितलं की विक्रेता परस्पर त्या माणसाला गाठतो, गोड बोलतो, आणि खरेदीची निःपक्षता जाते. भाऊसाहेब ताठ झाले. "ही बाब कोटेशनशी संबंधित नाही," ते म्हणाले. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि दर लिहून पाकीट बंद करून दिलं.

तुलनातक्त्यात बाईंची गिटार पहिली आली. अकराच्या अकरा मुद्दे पूर्ण, किंमत सगळ्यांत कमी. शनिवारी भाऊसाहेब ती आणायला गेले तेव्हा त्यांनी बरोबर कचेरीच्या धर्तीवर लिहिलेली पावती नेली होती : 'माल प्रत्यक्ष मोजून, तपासून, तपशिलाप्रमाणे असल्याची खात्री करून स्वीकारला. यापुढे परत घेण्या-देण्याबाबत कोणाचीही तक्रार ऐकली जाणार नाही.' बाई म्हणाल्या, याची गरज नाही. भाऊसाहेब म्हणाले, गरज आहे, उद्या वाद नको. दोघांनी सह्या केल्या. त्या घटकेला भाऊसाहेबांइतका समाधानी माणूस त्या रस्त्यावर दुसरा नव्हता.

घरी पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. बैठकीच्या खोलीत मास्तर आले होते, मावशी आल्या होत्या, सेक्रेटरी प्राणी पाहायला आले होते. वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आली. भाऊसाहेबांनी खोळीतून गिटार काढली आणि काही भाषण न करता तिच्या पुढे धरली. भाषणाची तयारी केली होती, ते खिशातच राहिलं.

वहिनीचा चेहरा असा उजळला की मावशी बोलता बोलता थांबल्या. ती खुर्चीच्या कडेला बसली आणि तिने गिटार मांडीवर घेतली. मान उजव्या हातात, डावा हात तारांवर. तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिचा हात आपोआप तिथे गेला. तिने अंगठ्याने वरची तार छेडली. जाड, खोल आवाज यायला हवा होता, तिथे बारीक किणकिण झाली.

"उलटी धरलीत, वहिनी," मास्तर म्हणाले. "जाड तार वर पाहिजे. फिरवा."

तिने फिरवली. आता मान डाव्या हातात आली. आखडलेल्या बोटांनी तार दाबायला गेली तशी तिच्या कपाळावर आठी उमटली. मास्तर आणि सेक्रेटरी एका सुरात म्हणाले, असंच असतं, उजव्याने छेडायचं, डाव्याने दाबायचं, होईल सवय, आता उजव्या हाताचीच सवय करून घ्यायला हवी. वहिनीने गिटार अलगद टेबलावर ठेवली.

"छान आहे," ती म्हणाली. "मी चहा टाकते."

भाऊसाहेब उभ्या उभ्या थिजले. त्यांच्या डोळ्यांपुढून अकरा मुद्दे एकामागून एक गेले. लाकूड होतं, खाच होती, खुंट्या होत्या. काढून टाकलेला स्वल्पविरामसुद्धा आठवला. ज्या हातासाठी सगळा खटाटोप केला, तो हात डावा आहे, हे मात्र कुठेही नव्हतं. ज्या घरात कात्री डावखुरी, जिथे अठ्ठावीस वर्षं जेवताना त्यांचा उजवा कोपर तिच्या डाव्या कोपरावर आपटत आला, त्या घरातल्या माणसाने उजव्या हाताची गिटार मोजून, तपासून, खात्री करून आणली होती.

आता पुढचा मूर्खपणा बघा. चूक झाली, असं तिथल्या तिथे म्हटलं असतं तर दोन मिनिटांत हसून संपलं असतं. पण चार माणसांसमोर, त्यात सेक्रेटरींसमोर, खरेदी विभागाने चूक कबूल करायची? शिवाय तिचा पडलेला चेहरा सगळे बघत होते, तेही त्यांना सोसेना. ते घाईघाईने म्हणाले, "अहो, ही माझ्यासाठी आहे. हिला नुसती दाखवली. मी शिकणार आहे."

स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

झालं. शिकणार म्हटल्यावर शिकणं आलं. मास्तर त्याच संध्याकाळी गुरू म्हणून हजर झाले आणि त्यांनी बिगुलाच्या पद्धतीने शिकवणी सुरू केली, म्हणजे आधी छाती पुढे, हनुवटी वर, श्वास भरून घ्या. भाऊसाहेबांनी श्वास भरून घेऊन तारेला बोट लावलं. पुढचे तीन दिवस संध्याकाळी सहा ते सात त्या घरातून जे आवाज आले, त्यांबद्दल मावशींनी लेकीला फोन करून विचारलं, की तुझ्या बाबांना काही होतंय का. लेकीने बाबांना फोन केला. बाबा म्हणाले, "मी छंद जोपासतोय." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि बोटाला आलेला फोड फुंकत बसले.

बोटाचा फोड त्यांनी सहन केला असता. वहिनीचं वागणं सहन होईना. ती चिडली नाही, टोमणा मारला नाही. संध्याकाळी त्यांचं वादन सुरू झालं की ती आतल्या खोलीत जायची, चादर घातलेल्या मशीनशेजारी बसायची आणि उजव्या हाताने कागदावर नाव लिहून बघायची. वेडीवाकडी अक्षरं. भाऊसाहेबांनी तो कागद तिसऱ्या दिवशी पाहिला. नाना खटपटी करून त्यांनी जे टाळायला गिटार आणली होती, तेच आता त्या गिटारमुळे घडत होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी पूर्ण दिवसाची रजा टाकली. वहिनीला सांगितलं, गिटार जरा दाखवून आणतो, आवाज बरोबर येत नाही. ती म्हणाली, "बरं." नुसतं बरं.

दुकानातल्या बाईंपुढे त्यांनी गिटार ठेवली आणि खाली मान घालून सांगितलं, की परत करायची आहे. बाईंनी गल्ल्याशेजारच्या तारेत अडकवलेली पावती काढली आणि भाऊसाहेबांच्या पुढे सरकवली. भाऊसाहेबांनी स्वतःचं अक्षर वाचलं. भाषा उत्तम होती. पळवाट कुठेही नव्हती. दुसऱ्या कोणी लिहिली असती तर त्यांनी त्याचं कौतुक केलं असतं.

"काय बिघडलं आहे तिच्यात?" बाईंनी विचारलं.

"तिच्यात काही नाही," भाऊसाहेब म्हणाले. "माझी बायको डावखुरी आहे."

बाईंनी चष्मा काढला. मग त्यांना सगळं सांगावं लागलं, स्टूल, मनगट, अनामिका, चेंडू, उजव्या हाताने लिहिलेलं नाव. बाईंनी ते सगळं एकदाही न टोकता ऐकलं. डावखुरी गिटार मिळते, त्या म्हणाल्या, पण मागवावी लागते, आणि यायला दोन-अडीच महिने सहज जातात. भाऊसाहेबांनी बोटांवर हिशेब केला. अडीच महिने त्या अनामिकेकडे नव्हते. मग बाईंनी दुसरा रस्ता सांगितला. नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही, कारण वरच्या पट्टीच्या खाचा जाड तारेला जाड आणि बारीक तारेला बारीक कापलेल्या असतात, आणि खालची पट्टीही तिरपी बसवलेली असते. दोन्ही नव्याने करायला हव्यात. मागच्या गल्लीत एक कारागीर आहे. तऱ्हेवाईक आहे, पण हात चांगला आहे.

कारागिराची खोली एवढीशी होती आणि भिंतींना पोटं उघडलेली वाद्यं टांगलेली होती. त्याने गिटार हातात घेतली, प्रकाशाकडे धरली आणि विचारलं की चांगलं वाद्य मोडायचं कशाला. भाऊसाहेबांनी कारण सांगितलं. पुढच्या आठवड्यात या, तो म्हणाला. भाऊसाहेब म्हणाले की ते इथेच थांबतील. तो म्हणाला, थांबा, पण बोलू नका. भाऊसाहेब एका खोक्यावर बसले आणि न बोलता बसले. साडेपाच तास. कारागिराने जुनी पट्टी उचकटली, हाडाची नवी घासली, तारा एकेक करून खाचेत बसवून पाहिल्या, खालची पट्टी बसते ती फट बुजवली आणि उलट्या बाजूला तिरपी पुन्हा कापली. मध्ये एकदा भाऊसाहेबांचा हात मापकासाठी खिशाकडे गेला. कारागिराने नुसतं पाहिलं. हात परत आला.

काम संपल्यावर तो म्हणाला, आतला सांगाडा मी उलटा करू शकत नाही, जाड तारेचा आवाज जरासा दबका येईल. चालेल का?

एकतीस वर्षांत भाऊसाहेबांनी जराशा फरकाचा माल कधी घेतला नव्हता. "चालेल," ते म्हणाले, आणि पावती मागायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

घरी आले तेव्हा ऊन कललं होतं. वहिनी आतल्या खोलीत खिडकीशी बसली होती, मांडीवर तोच कागद. भाऊसाहेबांनी दाराला कडी घातली, म्हणजे मास्तरांना येता येऊ नये. मग खोळ उघडून गिटार तिच्यापुढे धरली.

"ही घे."

"तुमची आहे ना?"

"नाही. तुझ्यासाठीच घेतली होती." कचेरीत असं काही सांगायची वेळ आली की 'अनवधानाने' असा एक शब्द वापरतात, तो त्यांच्या जिभेवर आला होता. त्यांनी तो वापरला नाही. "अकरा मुद्दे लिहिले मी. लाकूड लिहिलं, तारा लिहिल्या, उंची लिहिली. तू डावखुरी आहेस हे लिहायचं राहिलं."

वहिनीने त्यांच्याकडे टक लावून पाहिलं.

"राहिलं म्हणजे?"

"म्हणजे विसरलो."

"नुसतं विसरलात?"

"नुसतं विसरलो. आता बदलून आणली. तारा फिरवल्या, पट्ट्या नव्या केल्या. जाड तार जरा दबकी वाजेल म्हणाला."

वहिनीने कागद बाजूला ठेवला. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याच वेळी तिला हसू येत होतं, आणि भाऊसाहेबांना यातलं कोणतं आधी सावरावं ते कळेना.

"मला वाटलं, तुम्ही मुद्दाम उजव्या हाताची आणलीत," ती म्हणाली. "डॉक्टरबाईंनी तुम्हाला बाजूला घेऊन काही सांगितलं असेल. या हातात आता राम नाही, म्हणून उजव्याची सवय लावायला आणली, असं वाटलं. बाकीचे बोलतात त्याचं काही नाही. पण तुम्हीपण सोडून दिलंत म्हटल्यावर मग मीपण म्हटलं, राहू दे."

भाऊसाहेब मटकन पलंगावर बसले. चार दिवस ही बाई हे मनात घेऊन वावरत होती, आणि ते छाती पुढे काढून, श्वास भरून, शेजारच्या खोलीत तारा खाजवत होते. त्यांना स्वतःचाच राग आला. "अगं, सोडून कसं देईन," एवढंच ते कसंबसं म्हणाले. "मी नुसता मूर्ख आहे."

"तेच म्हणते मी," वहिनी म्हणाली, आणि आता ती अगदी मोकळी हसली. तीन महिन्यांत त्या घरात तसं हसू ऐकू आलं नव्हतं. खालून मावशींनी खिडकीतून हाक मारून काय झालं म्हणून विचारलं.

तिने गिटार मांडीवर ओढली. मान उजव्या हातात, डावा हात तारांवर. अंगठ्याने वरची तार छेडली. जाड आवाज आला, जरासा दबका. मग तर्जनी, मग मधलं बोट. मग ती थांबली. अनामिका खालच्या बारीक तारेवर टेकली होती आणि हलत नव्हती. वहिनीने ओठ दातांखाली धरला. भाऊसाहेब तिच्या हाताकडे बघायला लागले, मग त्यांना आठवलं की सगळे तिच्या हाताकडेच बघतात, म्हणून ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"विसरलो म्हणून."

"विसरलो," भाऊसाहेब म्हणाले.

"पुन्हा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. सातव्या की आठव्या वेळी तार वाजली. आवाज इतका बारीक होता, की खोलीत तिसरं माणूस असतं तर त्याला तो ऐकूही आला नसता.

वहिनीने डोळे मिटले. "थांबू नका," ती म्हणाली. भाऊसाहेब थांबले नाहीत.